शाकारणी

गेल्या महिन्यात आमच्या भाच्याला ‘कारणे दाखवा’ नोटीस आली. घरातल्या बहुतेकांना हे ठाऊक आहेच, कारण परवाच्या मुंजीत जिलबीपेक्षा हाच विषय जास्त वाढला जात होता. “कामच ते ना त्याचं? मग केलं का नाही वेळेवर?” असं दोघातिघांनी विचारलं आणि तो बिचारा मठ्ठ्याची वाटी ढवळत बसला. मीही गप्प बसले. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

आता थोडंफार कळलंय. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या म्हाताऱ्या बाईला त्या यंत्रांमधलं काय कळणार, असं म्हणू नका. पस्तीस वर्षं मुलांना समास शिकवले आहेत, समजेपर्यंत विचारत राहायची खोड आहे. चार संध्याकाळ त्याला फोनवर पिडलं, त्याने सांगितलेलं वहीत उतरवलं, मग जालावर शोधून वाचलं. तेव्हा मुंजीत जे बोलायला हवं होतं ते आज इथे लिहिते.

झालं ते असं. तो एका रुग्णालयात संगणकांचं जाळं सांभाळतो. (कुठल्या ते विचारू नका.) एका सोमवारी सकाळी केसपेपरच्या खिडकीवरचे संगणक बंद पडले, चार-पाच मिनिटांत सुरू झाले, पुन्हा बंद. असं दुपारपर्यंत चाललं. रांग फाटकाबाहेर गेली. मग त्यांनी जुने छापील कागद काढून हाताने नावं लिहायला घेतली, म्हणून निभावलं. संगणक सगळे ठणठणीत होते. बिघडला होता तो दारावरचा रखवालदार, म्हणजे फायरवॉल. त्याच्यात एक दोष होता, दोष जाहीर होऊन काही महिने झाले होते, बनवणाऱ्या कंपनीने दुरुस्तीही देऊन ठेवली होती, आणि ती लावलेली नव्हती. नोटिशीत नेमकं एवढंच लिहिलं आहे. दुरुस्तीसाठी रात्री दोन तास यंत्र बंद ठेवू द्या अशी विनंती भाच्याने तीनदा लेखी केली होती, हे नोटिशीत नाही. दोन पत्रांना उत्तर आलं नाही. तिसऱ्याला आलं : “सध्या नको.”

आता ही फायरवॉल म्हणजे काय? इमारतीतली आग एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून बांधलेली भिंत, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. संगणकवाल्यांनी तो उचलला. संगणक एकमेकांशी बोलतात ते लहान लहान पाकिटांमधून. प्रत्येक पाकिटावर कुठून आलं, कुणाकडे जायचंय हे लिहिलेलं असतं. फायरवॉल दारात बसून ते वाचते, नियमात बसलं तर आत सोडते, नाही तर टाकून देते. शिवाय आतून कोण कुणाला पत्र पाठवतंय याची नोंद ठेवते, म्हणजे त्याचं उत्तर आलं की अडवायचं नाही. आमच्या शाळेच्या फाटकावर शिपाईमामा हेच करत. मधल्या सुट्टीत चिठ्ठी घेऊन बाहेर गेलेला मुलगा त्यांना परत येताना बरोबर ओळखू येई.

अशा रखवालदाराला निकामी करायचे दोन मार्ग. एक, फाटकावर इतकी गर्दी करायची की त्याला श्वास घेता येऊ नये. न्यूयॉर्कमध्ये पॅनिक्स नावाची इंटरनेट पुरवणारी कंपनी होती. १९९६ च्या सप्टेंबरात तिच्यावर असा मारा झाला. ‘मला बोलायचंय’ एवढंच सांगणारी पाकिटं अखंड येत राहिली, पुढे बोलायला कुणी येईनाच, आणि खरी माणसं दाराबाहेर राहिली. दुसरा मार्ग मला जास्त चमत्कारिक वाटला. त्यात गर्दी लागतच नाही. एखादीच चिठ्ठी अशी लिहायची की ती वाचताना रखवालदाराला घेरी यावी. तो पडतो, उठतो, डोळे चोळतो, पुन्हा तीच चिठ्ठी पुढे येते, पुन्हा पडतो. आणि दार त्याच्याशिवाय उघडत नाही!

या दोहोंच्या मधलाही एक प्रकार आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात डेन्मार्कच्या टीडीसी या दूरसंचार कंपनीतल्या लोकांनी तो दाखवून दिला. ‘तुम्ही मागितलेलं दार इथे नाही’ असा निरोप देणारी एक ठरावीक जातीची पाकिटं असतात, म्हणजे आपल्या टपालात ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा मारून परत येतं तशी. ती एका साध्या लॅपटॉपवरून पाठवली तरी काही नामांकित फायरवॉल दमून जात, कारण अशा प्रत्येक पाकिटाचा विचार करण्यात त्यांची बरीच शक्ती खर्च होई. त्या हल्ल्याला नाव पडलं ‘ब्लॅकनर्स’. शोधणाऱ्यांपैकी एक जण पूर्वी लोहार होता आणि एक जण परिचारक, त्यावरून थट्टेने ठेवलेलं. लोहारकाम सोडून माणूस तिकडे कसा पोचला असेल याचं मला राहून राहून कुतूहल वाटतं. असो.

या सगळ्या प्रकाराला मराठीत ‘सेवा नाकारणे’ म्हणतात. मास्तरकीची सवय म्हणून सांगते, भाषांतर फसलंय. नाकारणारा इथे कुणी नसतोच. सेवा द्यायला माणूस बसलेला असतो, घ्यायला माणूस आलेला असतो, मधे वाट बुजते. ‘सेवाकोंडी’ म्हटलं असतं तर जास्त बरं झालं असतं. शब्द फसला की समजही फसते. भाच्याच्या वरिष्ठांनी दुपारी पहिला प्रश्न विचारला तो असा : “माहिती चोरीला गेली का?” नाही म्हटल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. चोरी नाही म्हणजे फार काही झालं नाही! बाहेर उन्हात रांग उभी होती. संगणकाच्या सुरक्षेची पुस्तकं तीन गोष्टी सांभाळायला सांगतात : माहिती गुप्त राहावी, ती कुणी बदलू नये, आणि हवी तेव्हा ती मिळावी. तिसरीकडे लक्ष जायला रांगेत उभं राहावं लागतं.

या संदर्भात भाच्याने मला अमेरिकेतली एक हकिगत सांगितली. ती मी मुद्दाम नीट शोधून वाचली, कारण ती त्याच्या नोटिशीला अगदी लागू आहे.

तारीख ५ मार्च २०१९. युटा राज्यातली एसपॉवर नावाची कंपनी, वाऱ्यावर आणि उन्हावर वीज करणारी. तिचे प्रकल्प कॅलिफोर्निया, युटा, वायोमिंग असे लांब लांब पसरलेले, आणि सगळ्यांवर नजर ठेवणारं नियंत्रण केंद्र दूर एका ठिकाणी. मधला संवाद इंटरनेटकडे तोंड करून बसलेल्या फायरवॉलमधून. त्या दिवशी या फायरवॉल आपोआप बंद होऊन सुरू व्हायला लागल्या. प्रत्येक वेळी खंड पाच मिनिटांहूनही कमी. पण असं सुमारे दहा तास चाललं. तेवढ्या तेवढ्या वेळापुरतं नियंत्रण केंद्राला आपल्याच प्रकल्पांचं काही दिसेना. नंतर नोंदी तपासल्यावर कळलं की बाहेरून कुणीतरी फायरवॉलमधल्या एका ज्ञात दोषाचा फायदा घेत होतं. ज्ञात, हा शब्द लक्षात ठेवा. दोष आधी जाहीर झालेला होता आणि बनवणाऱ्या कंपनीची दुरुस्ती उपलब्ध होती.

वीज कुणाचीही गेली नाही. पाती फिरत राहिली, कारण त्यांना फिरण्यासाठी दर मिनिटाला दूरच्या केंद्राची परवानगी लागत नव्हती. हे वाचून मला बरं वाटलं, आणि आमच्या रुग्णालयातले ते छापील कागद आठवले. सगळं एका दारावर टांगून ठेवलं नाही की दार अडलं तरी घर चालतं. ते कागद आता रद्दीत द्यायचं चाललंय म्हणे. कृपा करून देऊ नका, एवढं माझं त्यांना सांगणं आहे.

अमेरिकेतल्या वीजजाळ्याच्या विश्वासार्हतेवर देखरेख करणारी एक संस्था आहे. तिच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘नर्क’ असा होतो. (आपल्याकडे कुणी ठेवलं नसतं बाई असं नाव!) तिने सप्टेंबर २०१९ मध्ये या घटनेतून काय शिकायचं याचं छोटं टिपण काढलं, कंपनीचं नाव न घेता. नाव बाहेर आलं ऑक्टोबरअखेर, ते एका वृत्तसंस्थेने तिकडच्या माहिती अधिकारासारख्या कायद्याने कागद मिळवले तेव्हा. हल्ला करणारा कोण, त्याला आपण विजेच्या कंपनीच्या दारावर धडका देतोय हे तरी माहीत होतं का, याचा जाहीर उलगडा झाला नाही.

मला त्या टिपणाचा सूर फार आवडला. त्यात कुणा दुष्टाचा धिक्कार नाही, कुणाला फाशी द्या नाही. कंपनीकडे दुरुस्त्या तपासून वेळेवर लावायची धड पद्धत नव्हती, एवढं सरळ सांगितलंय. मग त्यांनी पुढे काय केलं तेही : दुरुस्ती आधी जिथे बिघडलं तरी चालेल अशा जागी लावून पाहिली, मग एका खऱ्या जागी लावून रात्रभर वाट बघितली, मग बाकीच्या ठिकाणी. आम्ही नवीन पाठ्यपुस्तक आधी एका तुकडीला लावून बघायचो तसं. इंटरनेटकडे उघडी असलेली यंत्रं शक्य तितकी कमी करा, एकाच भिंतीवर विसंबू नका, असंही त्यात आहे.

आपल्याकडे आपल्याला मात्र दुष्ट माणूस लागतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, तेव्हा पुढे काही महिन्यांनी परदेशी हल्ल्याच्या बातम्या आल्या. राज्याचे गृहमंत्री घातपाताच्या शक्यतेबद्दल बोलले, केंद्रातले ऊर्जामंत्री मानवी चूक म्हणाले. खरं काय ते मी सांगणारी कोण! पण आमच्या घरात त्या दिवसांत शत्रू कोण यावर तासन्‌तास रंगलेल्या गप्पा मला आठवतात. दुरुस्ती कुठली राहिली असेल, असा प्रश्न आमच्यापैकी एकानेही काढला नव्हता. मीही नाही.

तुम्ही म्हणाल, मग लावत का नाहीत दुरुस्त्या? आहे तरी काय, दोन तासांचं काम. इथे वरिष्ठांची बाजूही थोडी समजून घ्यायला हवी. दुरुस्ती लावायची तर रखवालदाराला उठवून आत न्यायचं, म्हणजे तेवढा वेळ दार बंद. रुग्णालयाला रात्र नसते. शिवाय दुरुस्तीनेच मोडतं कधी कधी. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले, विमानं अडकली. माझ्या नणंदेची सून त्या दिवशी विमानतळावर हाताने लिहिलेला बोर्डिंग पास घेऊन उभी होती, त्याचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. तेव्हा घाबरणं अगदीच वेडेपणाचं नाही.

पण थांबण्याचीही किंमत असते, आणि ती कुणीतरी मोजायला हवी. ताजी उदाहरणं भाच्याने दिली. २०२४ च्या डिसेंबरअखेर, तिकडे नाताळच्या सुट्ट्या असताना, पालो आल्टो कंपनीच्या फायरवॉलमधला दोष जाहीर झाला. संकेतस्थळाचं नाव विचारणारं एक वेडंवाकडं पाकीट आलं की यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं, आणि असं वारंवार झालं की ते देखभालीच्या अवस्थेत जाऊन बसायचं. मग माणसाने स्वतः लक्ष घातल्याशिवाय उठायचंच नाही. गंमत म्हणजे दोष होता तो वाईट नावं हुडकण्यासाठीच्या खास सोयीत! पहाऱ्याचा कडकपणाच पहारेकऱ्याला नडला. हल्ले आधीच सुरू झाले होते. आणि २०२५ मध्ये सिस्कोने आपल्या फायरवॉलमधल्या दोन गंभीर दोषांच्या दुरुस्त्या सप्टेंबरात दिल्या, तर नोव्हेंबरात नव्या तऱ्हेचा हल्ला दिसला, ज्यात दुरुस्ती न लावलेली यंत्रं अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होत होती. सप्टेंबर ते नोव्हेंबर. या मधल्या काळात कुणाकुणाच्या विनंत्यांना ‘सध्या नको’ असं उत्तर गेलं असेल, ते आठवून मला कसंतरी झालं.

कसंतरी होण्याचं कारण वेगळं आहे. ते आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

१९९४ साल. मी मुख्याध्यापिका होऊन दुसरंच वर्ष. आमची शाळा कौलारू, रत्नागिरी जिल्ह्यातली, तिथला पाऊस काय ते कोकणातल्यांना सांगायला नको. एप्रिलअखेर शिपाईमामा माझ्यापुढे येऊन उभे राहिले. “मोठ्या बाई, शाकारणी करून घ्यायला हवी. कार्यालयावरची कौलं सरकलीत, दोन रीपही गेलेत. दोन दिवस शाळा मोकळी द्या.” मी म्हटलं बघू. मे महिन्यात एका शिबिराला शाळा दिलेली होती, आलेल्या माणसांना काय सांगायचं? मामा पुन्हा आले. मी म्हटलं, मामा, सध्या नको. तिसऱ्यांदा आले ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि मी जरा चिडूनच बोलले.

पाऊस आला तो रात्री. सकाळी कार्यालय उघडलं तर कपाटात वरून धार लागलेली. जनरल रजिस्टर भिजून लगदा झालं होतं. शाळेच्या जुन्या मुलांचे जन्मतारखांचे, जातींचे, शाळा सोडल्याचे सगळे दाखले ज्याच्यावरून द्यायचे, ते. पुढे किती मुलांना त्यापायी तालुक्याच्या खेपा घालाव्या लागल्या याचा हिशेब नाही. संस्थेकडून विचारणा झाली, कोण जबाबदार? इमारतीची देखभाल शिपायाकडे. मी मामांना मेमो दिला. ‘कर्तव्यात कसूर’ हे शब्द माझे, अक्षरही माझंच. ते तीनदा माझ्याकडे आले होते हे मी त्यात लिहिलं नाही. कुणी विचारलंही नाही.

मामांनी मेमो वाचला. “बाई, सही कुठे करू?” एवढंच म्हणाले.

सेवापुस्तकातली ती नोंद तशीच राहिली. निवृत्तीच्या वेळी मी त्यांना शाल-नारळ दिला, चांगलं भाषणही केलं. नोंद काढायचं मनात आलं होतं, पण त्यासाठी मला माझंच काही लिहून द्यावं लागलं असतं. मामा आता नाहीत.

म्हणून पंगतीत “काम त्याचंच ना” हे ऐकलं तेव्हा मला घास गिळवेना. काम त्याचं होतं. दोन तास देणं त्याच्या हातात नव्हतं. ज्याला दार बंद ठेवायचा अधिकार नाही त्याच्यावर दार पडल्याचा दोष ठेवणं सोपं असतं, कारण तो समोर असतो आणि त्याचं नाव कामाच्या यादीत असतं. ‘सध्या नको’ म्हणणाऱ्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. माझं म्हणणं एवढंच की ते असावं. दुरुस्ती पुढे ढकलायची तर खुशाल ढकला, कारणं खरी असतील. पण कुणी ढकलली, का ढकलली, कधीपर्यंत, हे एका ओळीत लिहून खाली सही करा. मग सोमवार उजाडेल तेव्हा नोटीस कुणाला काढायची याचा विचार करताना ती ओळही समोर असेल.

आणि अजून एक, हे खास आपल्या माणसांसाठी. “नुसता बसून तर असतो, सगळं चालूच तर असतं” ही थट्टा आता पुरे. त्याचं काम नीट झालं की दिसत नाही, हा त्याचा गुन्हा नव्हे. माळ्यावरची कौलं गळत नाहीत म्हणून आपण कधी वर बघितलंय का?

भाच्याने नोटिशीला उत्तर दिलंय. मसुदा आधी फार चिडका होता, मी तांबड्या शाईने निम्मा कापला. तिन्ही पत्रांच्या प्रती जोडायला लावल्या, तारखांसकट. एसपॉवरच्या टिपणाचीही एक प्रत जोड म्हटलं, तर म्हणाला, “मावशी, तिथे कुणी वाचणार नाही.” तरी जोडली.

गेल्या शनिवारी रात्री एक ते तीन त्याला दोन तास मिळाले. मी जागीच होते. तीनला दहा कमी असताना निरोप आला, “लागलं. चालतंय. झोप आता.”

नोटीस अजून मागे घेतलेली नाही.